पॉपकॉर्नचे सल्लागार

काल घरी पॉपकॉर्न केले, अर्धे खारे, अर्धे कॅरमेलचे. दोन्ही मस्त जमले आणि सगळं क्रेडिट गेलं वरच्या मजल्यावरच्या काकांना.

काका काहीतरी परत द्यायला आले होते. ते हातात धरूनच किचनच्या दारात उभे राहिले ते हललेच नाहीत. मी जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून तीन दाणे टाकले.

"एवढेच?"

म्हणलं काका, हे टेस्टिंगचे, हे फुटले की तेल तापलं समजायचं, मग बाकीचे टाकायचे.

"असं होय. मला वाटलं माणशी एक." आणि स्वतःच हसले.

बाकीचे टाकले आणि झाकण ठेवलं, पण जरा फट ठेवून, कारण वाफ आत कोंडली की पॉपकॉर्न चामट होतात. काकांनी ती फट बघितली, पुढे आले आणि झाकण नीट बसवलं. मी सरकवलं. त्यांनी परत बसवलं. मी परत सरकवलं. दोघंही काही बोलत नव्हतो. मग पहिला आवाज आला तसं "बघू बघू" करत त्यांनी झाकणच उचललं आणि एक पॉपकॉर्न थेट चष्म्यावर.

"अरे, उडतात की हे!"

अहो त्यासाठीच ते झाकण असतं ना!

दाण्याच्या आत थोडं पाणी असतं, १४ टक्क्यांच्या आसपास. तापल्यावर त्याची वाफ होते, कवच घट्ट असल्यामुळे तिला बाहेर पडता येत नाही, आणि साधारण १८० डिग्रीला कवच फाटतं. मी पण तोवर तिथपर्यंत आलोच होतो.

खाऱ्यांसाठी मीठ मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून घेतलं होतं, जाड मीठ चिकटत नाही, सगळं तळाशी जातं. काका म्हणाले, मीठ दिसत नाही कुठे. म्हणलं खाऊन बघा. चार मुठी खाऊन म्हणाले, "हां, आहे." मग त्यांना तळातले न फुटलेले दाणे दिसले. "हे नापास झालेले परत टाक." मी सांगितलं की कवचाला कुठेतरी चीर असते, वाफ निघून जाते, ते फुटत नाहीत. "अरे पण चान्स तर दे!" आणि दिला त्यांनी चान्स, स्वतःच्या हाताने. सगळ्या घरभर करपलेला वास, दाणे काळे ठिक्कर, आणि काका म्हणतात, "गॅस मोठा होता तुझा."

कॅरमेलला साखर वितळवली, बटर घातलं, चिमूटभर खायचा सोडा टाकला. सोड्याने फेस येतो आणि कॅरमेल हलकं होतं, नाहीतर दाताने दगड फोडायची वेळ येते. काकांनी विचारलं, "बोट घालून बघू?" मी त्यांचा हात धरला. वयाने मोठ्या माणसाचा हात असा धरायला बरं वाटत नाही, पण उकळती साखर आहे ती, कातडीला चिकटली की सुटत नाही.

आणि ते व्हिडिओवाले, "फक्त पाच मिनिटांत"! ते पातेलं घासताना कधी दाखवत नाहीत. माझं अजून गरम पाण्यात पडलंय आणि घरातलं कुणी तिकडे बघत पण नाहीये. खाताना बरे सगळे होते, आणि बायको काय म्हणाली, "काका, तुम्ही होतात म्हणून झालं हो." मी तिथेच, हातात झारा घेऊन! काका "छे छे, मी नुसता उभा होतो" म्हणाले, म्हणजे एकुलतं एक खरं वाक्य, तर त्यावर "किती साधे आहेत ना" हे आणि वर. जाताना डबा भरून नेला, त्यातही वेचून वेचून कॅरमेलचे. जे परत द्यायला आले होते ते पण तसंच घेऊन गेले.

रात्री काकूंचा मेसेज आला: "ह्यांनी केलेले पॉपकॉर्न छान झालेत. तुम्हाला मिळाले ना थोडे?"