धार आणि फाईल

लालबागला माझ्या भाच्याला मालिश करायला येणाऱ्या मावशींनी एक दिवस ताईला विचारलं, "वहिनी, ह्याची शू अशी थेंबथेंब का येते? जोर किती करतोय बघा." भाचा तेव्हा चार महिन्यांचा. तोवर त्याला दोनदा सणकून ताप येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा औषधाने उतरला होता. दिवसरात्र डायपर. त्यामुळे त्याची धार घरात कुणी पाहिलीच नव्हती.

मी बर्मिंगहॅमला लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. ताईने फोनवर हे सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह हा आजार फक्त मुलग्यांना होतो, साधारण ५ ते ८ हजार मुलग्यांत एकाला. मूत्रमार्गात जन्मापासूनच एक पातळ पडदा असतो. लघवी अडते, मूत्राशयाची भिंत जाड होते, दाब मागे जाऊन दोन्ही किडन्या फुगतात. निदान पक्कं होतं ते एमसीयूने: नळीतून मूत्राशयात एक्स-रेवर दिसणारं औषध भरायचं आणि बाळ शू करत असताना फोटो घ्यायचे. पडदा दुर्बिणीतून काढता येतो. पण तोवर किडन्यांचं जे नुकसान झालं, ते भरून येत नाही.

भाच्याचा एमसीयू झाला आणि तो पडदाच असल्याचं कळलं. त्या रात्री भावोजी चिडून म्हणाले, "तुमच्या तिकडे पाचव्या महिन्यात मुलगा आहे म्हणून सांगतात, म्हणून असले आजार कळतात. इथे कायदा आडवा येतो." गर्भलिंग सांगायला परवानगी द्यावी, असं २०२४ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी म्हटलं होतं. भावोजींना आता तेच पटू लागलं आहे.

मला ते पटत नाही. गर्भलिंग तपासायला बंदी घालणारा कायदा १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, पुढे १९९४ मध्ये केंद्राचा आला. पोटातल्या मुली मारल्या जात होत्या म्हणून तो करावा लागला. आणि या आजारासाठी तो सैल करण्याची गरजच नाही. फुगलेल्या किडन्या, जाड भिंतीचं भरलेलं मूत्राशय, कमी झालेलं गर्भजल, यांतलं काहीही लिहायला "मुलगा" हा शब्द लागत नाही. शिवाय किडन्या मुलींच्याही फुगतात, दुसऱ्या कारणांनी.

ताईच्या सोनोग्राफीत हे लिहिलेलंच होतं! भावोजींना मी फाईल उघडायला लावली. "दोन्ही मूत्रपिंडांना सूज, प्रसूतीनंतर तपासणी करावी." बाळंतपण दुसऱ्या ठिकाणी झालं, फाईल कपाटात राहिली. ज्या डॉक्टरांनी दोन्ही तापांवर औषध दिलं, त्यांना तो कागद कुणी दाखवला नाही आणि त्यांनीही मागितला नाही. लघवीची तपासणी एकदाही झाली नाही. यात कायदा कुठे आडवा आला?

इथे बर्मिंगहॅमला सगळं आधीच कळतं, असंही नाही. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतून कितीतरी मुलं निसटतात. तीन-चार वर्षांची होऊन, दिवसाही चड्डी ओली होते म्हणून येणारी मुलं आमच्याकडेही असतात. फरक एवढाच की पोटात असताना काही दिसलं असेल तर ते आईच्या कागदांबरोबर बाळाच्या डॉक्टरांपर्यंत पोचवायची इथे रीत आहे. ७२ तासांच्या आत बाळाला डोक्यापासून पायापर्यंत तपासतात, लघवी झाली का ते विचारतात. मात्र रोज उघड्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी मावशी इथे नाही. मुंबईत ती अजून आहे. तिचं बोलणं मनावर घेतलं म्हणून ताईच्या मुलाला चौथ्या महिन्यात तरी उपचार मिळाले. धार चांगली दिसली म्हणजे आजार नाहीच, असं मात्र समजू नये.

किडन्या कसं काम करताहेत ते कळावं म्हणून भाच्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन आता ठरावीक दिवसांनी तपासतात. पुढे किडन्या किती साथ देतील, ते अजून कुणी सांगू शकत नाही.

मुंबईच्या प्रसूतिगृहांकडे माझं मागणं आहे. डिस्चार्ज कार्डावर बाळाचं वजन आणि लशी लिहिता, तिथेच दोन रकाने वाढवा: पोटात असताना सोनोग्राफीत काय दिसलं होतं, आणि बाळाची धार कुणी पाहिली.