चव्हाटा आधीच होता, माईक आत्ता आला

गेला आठवडाभर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एका मुलीचा उद्धार चाललाय. ती आमची कोणी लागत नाही. मराठीत स्टँड-अप करते, तिशीही ओलांडली नसेल. लग्न वर्षभरात मोडलं आणि त्यावर तिनं स्टेजवरून लोकांना हसवलं, एवढाच गुन्हा. 'बघा काय चाललंय' म्हणून कोणीतरी क्लिप टाकली आणि काकांपासून आतेभावापर्यंत सगळे सरसावले. घरातलं घरात ठेवावं. त्या मुलाच्या घरच्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडली. आईबापांना काय वाटलं असेल. मी तिच्या बाजूनं दोन ओळी लिहिल्या तर आतेभाऊ म्हणतो, 'तुमच्याकडे चालतं रे हे सगळं. आपल्याकडे नाही.'

इंग्लंडात, लीड्सला राहतो म्हणून माझं मत आपोआप परक्याचं ठरतं, याची एव्हाना सवय झालीय. राजकारणावर बोललो तरी हेच, रस्त्यांवर बोललो तरी हेच. पण ज्या माणसानं क्लिप शेवटपर्यंत पाहिलेलीसुद्धा नाही, त्यानं मला 'आपल्याकडे' काय चालतं ते शिकवावं?

तिचा एक जोक सांगतो, म्हणजे भांडण कशावरून आहे ते कळेल. 'कोर्ट म्हणालं, सहा महिने थांबा, विचार करा. सासऱ्यांनी मला फॅमिली ग्रुपमधून काढायला सहा सेकंदही घेतले नाहीत. आणि काढायच्या आधी शेवटचा मेसेज काय? सुप्रभात.' प्रेक्षक कोसळतात. त्याच क्षणी कॅमेरा तिसऱ्या रांगेतल्या तिच्या आईवर जातो. आई हसत नाहीये. आधी उजवीकडे बघते, मग डावीकडे, सगळे हसतायत याची खात्री करून घेते आणि मग तोंडावर हात ठेवून हसते.

आता आमच्याकडचं ऐका, आलाच आहे विषय तर. ऑगस्टमध्ये स्कॉटलंडातल्या एडिंबरात 'फ्रिंज' हा नाटक-कॉमेडीचा मोठा महोत्सव भरतो. तेव्हा तिथल्या रॉयल माइल या रस्त्यावरून नुसतं चालत गेलात तरी हातात फ्लायर कोंबले जातात, आणि त्यातली निम्मी तरी कोणाच्या ना कोणाच्या मोडलेल्या संसारावरची असावीत असं वाटतं. सारा मिलिकन ही इंग्लिश कॉमेडियन घटस्फोटानंतरच, २००४च्या सुमारास, स्टेजवर चढली. तोच घटस्फोट घेऊन २००८ साली एडिंबरात गेली आणि सर्वोत्तम नवोदित ठरली. आज तिचे दौरे मोठमोठ्या थिएटरांत असतात. तिला कोणी अब्रू विचारली नाही. २०१७ची गंमत तर याहून भारी. जॉन रॉबिन्स आणि सारा पॅस्को हे दोघं कॉमेडियन, वर्षानुवर्षं एकत्र राहिलेले, वेगळे झाले. त्याच ऑगस्टमध्ये त्याच फ्रिंजला दोघंही आपापला शो घेऊन हजर, आणि विषय एकच: मोडलेलं नातं. लोकांनी दोन्हीकडची तिकिटं काढली. रॉबिन्सला त्या वर्षीचा मुख्य पुरस्कारही मिळाला.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांचा अंगठा आला. नुसता अंगठा.

मग मी घरचीच उदाहरणं काढली. प्रेमभंगावर कविता करणाऱ्यांची आपल्याकडे कधी वानवा होती? कविसंमेलनात कवी माईकपाशी येतो, 'ती' गेल्याचं सांगतो, घसा दाटतो. 'ती' कोण हे पहिल्या दोन रांगांना पक्कं ठाऊक असतं, कदाचित तिच्या नवऱ्यालाही. तिला विचारलंत का, असं कवीला कोणी विचारत नाही. वाहवा मिळते, पुढच्या वर्षीचं आमंत्रण मिळतं. दुःख चालीवर सांगा, हुंदका देऊन सांगा, शाल-श्रीफळ हातात पडेल. हसत सांगितलं, आणि तेही बाईनं, की लगेच निर्लज्जपणा.

राम नगरकरांचं 'रामनगरी' आठवा. न्हाव्याच्या घरात जन्मल्यामुळे वाट्याला आलेली हेटाळणी, दारिद्र्य, फजिती, सगळं त्यांनी एकट्यानं उभं राहून हसत हसत सांगितलं. आमच्या घरात त्याची कॅसेट होती आणि काका त्यातले प्रसंग नकलेसकट म्हणून दाखवायचे. तेव्हा कोणाला वाटलं नाही की या माणसानं घरातलं घरात ठेवावं. आपलं दुखणं विनोदात घालून सांगायची रीत काही मी इथल्या विमानतळावरून उचलून आणलेली नाही.

आतेभावाचं यावर एक उत्तर होतं आणि ते चोख होतं, हे मान्य करतो. म्हणाला, 'पॅस्को आणि रॉबिन्स दोघांच्याही हातात माईक होता. या मुलाच्या हातात काय आहे?' तिनं नाव घेतलेलं नाही, हे खरं. पण ओळखीच्यांना नाव लागत नाही. तो ऑफिसात जात असेल, जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी फोन पालथा ठेवत असेल. आणि त्याच २०१७ साली रॉबिन्सला पुरस्कार विभागून मिळाला होता, हे मी ग्रुपवर सोयीनं लिहिलं नव्हतं. दुसरा अर्धा ऑस्ट्रेलियन कॉमेडियन हॅना गॅड्सबी यांच्या 'नॅनेट' या शोला गेला, आणि त्या शोचं म्हणणं बरोबर उलटं होतं. गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट लागतो. जोकला सुरुवात आणि मध्य पुरतो, म्हणून जोक करणारा आपल्या दुखण्याचा शेवट कधी सांगतच नाही, हशा पिकतो तिथेच थिजून राहतो. एकाच पुरस्काराचे दोन तुकडे, एक मोडलेल्या नात्यावर हसवणाऱ्याला आणि एक 'हे हसवणं मला महागात पडलं' म्हणणाऱ्याला. परीक्षकांनाही ठरवता आलं नसावं.

तरीही आतेभावाला मी पूर्ण गुण देत नाही. त्या मुलाची बाजू मांडायला माईक नसेल, पण माणसं भरपूर होती. लग्न मोडल्यापासून त्या मुलीची गोष्ट प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला कोणी ना कोणी सांगतच असणार. तिचंच काहीतरी चुकलं असेल, नोकरी सोडायची नव्हती, स्वभावच तसा. चव्हाट्यावर ती आधीच होती. फरक एवढाच की आजवर ती सोडून बाकी सगळे बोलत होते.

हे मी इतक्या खात्रीनं सांगतोय, कारण माझंही लग्न मोडलंय. आईला माहीत आहे. काकांना माहीत नाही, असं आई समजते. काकांना माहीत आहे, हे मला माहीत आहे. ग्रुपवर कोणी काही म्हणत नाही. फक्त दिवाळीच्या शुभेच्छा पूर्वी 'तुम्हा दोघांना' यायच्या, त्या आता 'तुला' येतात.

आणि हो, मीही त्यावर स्टेजवर पाच मिनिटं केलीत. इथे, एका पबच्या वरच्या खोलीत, मंगळवारी रात्री. ब्रिंगर गिग होता. सोबत माणूस आणला नाही तर स्पॉट नाही. कोणाला न्यावं याची यादी करायला बसलो आणि यादी झालीच नाही. शेवटी ऑफिसातल्या एकाला नेलं, जो माझ्या बायकोला कधी भेटला नव्हता आणि ज्याला तिचं नाव नीट उच्चारताही येत नाही. लोक हसले. वेळ संपल्याचा लाल दिवा लागला, उतरलो. खाली आल्यावर तो पाठीवर थाप मारून म्हणाला, ब्रेव्ह.

कसलं ब्रेव्ह? त्या खोलीत एकही माणूस असा नव्हता, जो उद्या सकाळी माझ्या बायकोच्या आईला फोन करेल. कोणी आमच्या लग्नात जेवलेलं नव्हतं. माझ्या शब्दांनी कोणाच्या घरी काही हलणार नव्हतं, म्हणून तर ते इतके सहज सुटले. 'आमच्याकडे' लोक किती मोकळे आहेत हे मी ग्रुपवर ऐटीत सांगत असतो. मोकळे असतील. पण मी मोकळा आहे तो इथे माझं कोणी लागत नाही म्हणून. याच पाच मिनिटांचा मराठी खर्डा करायला बसलो होतो. पहिल्या जोकलाच आत्या डोळ्यांसमोर आली, दुसऱ्याला बायकोचा धाकटा भाऊ, ज्यानं लग्नात माझे बूट लपवून पैसे उकळले होते. वही मिटली. ती मुलगी आईला तिसऱ्या रांगेत बसवून हे करते. मिलिकन, रॉबिन्स यांची उदाहरणं देऊन मी तिचा बचाव करत होतो तेच मुळात उलटं होतं; अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत इतकं काही पणाला लागत नाही.

काका हा लेख वाचतील, कोणीतरी पाठवेलच. वाचलात की अंगठा नको, काका. क्लिप पूर्ण बघा आणि त्यावर भांडा. शेवटची दोन मिनिटं सैल आहेत, वकिलाची नक्कल तिनं फार ताणलीय, हशा ओसरल्यावरही ती सोडत नाही. सासूवरचा एक जोक शिळा आहे, तो तिला शोभत नाही. आणि आईवर कॅमेरा फिरवायची काय गरज होती? तो सगळा हॉल हसत होता ना, मग त्या बाईला एकटीला गाठून दाखवायचं कशाला? ते काम मुलीचं नसावं, एडिट करणाऱ्याचं असावं. यावर बोलायचं असेल तर रविवारी फोन करा, मी घरीच असतो.