आईंच्या पोटरीवरचा फोड आणि शेकाबद्दलचे तुमचे आक्षेप

नमस्कार दादा,

गुडघेदुखी आणि शेक यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. तुमच्या आई 72 वर्षांच्या, मधुमेह जुना. गुडघ्यांसाठी एका दवाखान्यात 15 दिवस मशीनचा शेक घेतला, गुण आला नाही. मग माझा लेख वाचून घरी गरम पाण्याची पिशवी घेतली. ती गुडघ्याखाली असतानाच डोळा लागला आणि सकाळी पोटरीवर फोड. जखम भरायला दीड महिना गेला. तुम्ही रागावून विचारलंय की आजीच्या काळापासूनच्या शेकाला ‘थेरपी’ म्हणून पैसे का घ्यायचे, डॉक्टर बर्फ सांगतात आणि मी शेक, तर खरं कुणाचं मानायचं, आणि धोक्याची सूचना लेखाच्या तळाशी एका ओळीत का होती.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे. मधुमेहाचा उल्लेख मी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात केला होता. गुडघा ठणकत असताना लेख वाचणारा माणूस ‘शेक कसा घ्यायचा’ इथवर आला की पाणी तापवायला उठतो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. काल रात्री लेख बदलला. आता तो मजकूर सगळ्यात वर आहे. आईंची मी मनापासून माफी मागते.

फोड का आला, हे नीट समजून घेऊ, कारण ‘पाणी फार गरम होतं’ एवढंच कारण नसतं. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी 1947 साली दाखवून दिलं की 44 अंश तापमानाची वस्तू कातडीला सलग लागून राहिली तर साधारण 6 तासांत भाजतं. त्यापुढे 51 अंशांपर्यंत दर अंशामागे हा वेळ जवळपास निम्मा होत जातो. म्हणजे हाताला नुसती ‘छान ऊबदार’ लागणारी पिशवीसुद्धा रात्रभर पायाखाली राहिली तर भाजू शकते. एरवी दोन गोष्टी आपल्याला वाचवतात. चटका जाणवून आपण पाय काढून घेतो, आणि रक्तप्रवाह वाढून ती उष्णता पुढे वाहून नेतो. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात आणि रक्तपुरवठाही कमी झालेला असू शकतो. तसं असेल तर दोन्ही पहारेकरी गैरहजर, आणि वर झोप.

म्हणून शेक देण्याआधी रुग्णाला डोळे मिटायला सांगून एक गरम आणि एक गार पाण्याची परीक्षानळी कातडीला लावायची, ‘गरम की गार?’ विचारायचं, हा आमच्या फिजिओथेरपीच्या कामातला पहिला धडा आहे. दोन मिनिटं लागतात. आईंची ही तपासणी त्या 15 दिवसांत एकदाही झाली नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. झाली असती तर घरच्या पिशवीबद्दलही कुणीतरी वेळीच सावध केलं असतं. ज्यांना मधुमेह आहे आणि पायांची संवेदना कुणी तपासलेली नाही, त्यांनी गुडघ्याखाली कुठेही शेक घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणखी एक राहून गेलं होतं, तेही सांगते: बाम चोळून त्यावर शेक घेऊ नका. त्यानेही कातडी भाजल्याचं मी पाहिलंय.

आता पैशांचं. वाळूची किंवा मिठाची पुरचुंडी, तव्यावर तापवलेलं फडकं, निर्गुडीचा पाला, बाळंतिणीची शेगडी, हे सगळं आपल्या घरांत चालत आलंय आणि त्यातली ऊब खरी आहे. दवाखान्यातला हॉट पॅक 70 ते 75 अंशांच्या पाण्यात ठेवलेला असतो आणि टॉवेलच्या सहा-आठ घड्यांतून दिला जातो. पण तोही वरवरचाच शेक. त्याची ऊब कातडीखाली जेमतेम सेंटिमीटरभर चांगली पोचते. नुसत्या अशा शेकासाठी कुणी दवाखान्यात येऊ नये, घरीच घ्यावा. तुमच्या आईंना लावलं ते बहुधा शॉर्टवेव्ह डायथर्मीचं मशीन. ते 27.12 मेगाहर्ट्झच्या लहरींनी खोलवर उष्णता निर्माण करतं. पण खोल गेलं म्हणून गुडघ्याची झीज भरून येत नाही. मशीन लावून 15 मिनिटांनी बंद करायचं आणि ‘उद्या या’ म्हणायचं, याला मी उपचार म्हणत नाही. त्याबद्दलचा तुमचा राग रास्त आहे.

मग मी शेक देतेच का? कारण शेकानंतरची वीसेक मिनिटं मला हवी असतात.

मनगटाचं हाड मोडून सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेला हात डोळ्यांसमोर आणा. प्लास्टर काढल्यावर बोटं मिटत नाहीत, मनगट वळत नाही. भाकरी थापणाऱ्या बाईला तर हात परका वाटायला लागतो. अशा हाताला आम्ही मेणाचा शेक देतो. पॅराफिन मेणात थोडं तेल मिसळून ते 52-54 अंशांवर वितळलेलं ठेवतात. त्याच तापमानाचं पाणी सोसवणार नाही, पण मेण उष्णता हळूहळू सोडतं म्हणून सोसवतं. हात आठ-दहा वेळा बुडवायचा, दर वेळी थर थोडा गोठू द्यायचा, मग प्लॅस्टिक आणि टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं बसायचं. मेण सोलून काढलं की हात मऊ, ओलसर, लालसर असतो, आणि खरं काम तिथून सुरू होतं. निघालेल्या मेणाचा गोळा मुठीत दाबायचा, बोटं एकेक करून मिटायची, मनगट हळूहळू ताणायचं, ऊब उतरेपर्यंत ताण धरून ठेवायचा. 1970 मध्ये लेहमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या शेपटीतल्या स्नायुबंधांवर दाखवलं होतं की 45 अंशांवर ताण दिला तर वाढलेली लांबी टिकते, नुसत्या उष्णतेने किंवा नुसत्या ताणाने तितकी नाही. जिवंत माणसाच्या सांध्यात खोलवर इतकं तापमान सहसा पोचत नाही, हे मान्य. तिथे मोठा फायदा वेगळा असतो: दुखणं कमी होतं, आखडलेले स्नायू सैल पडतात, आणि रुग्ण मला हात हलवू देतो. मेण सोलून झाल्यावर रुग्णाला घरी पाठवून दिलं, तर तो सगळा वेळ वाया गेला.

कंबरदुखीतही असंच दिसतं. 2006 च्या कॉक्रेन आढाव्यात (यात एकाच विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासतात) नव्या कंबरदुखीला शेकाने थोडा आणि थोड्या दिवसांपुरता आराम मिळतो असं निघालं, आणि जोडीला व्यायाम असेल तर जास्त. 2017 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनेही अशा दुखण्यात गोळ्यांआधी ज्या गोष्टी सुचवल्या, त्यांत शेक होता. ‘थोडा’ आणि ‘थोड्या दिवसांपुरता’ हे शब्द मी माझ्या लेखात गाळले होते. तेही आता घातलेत.

बर्फाबद्दल तुमच्या डॉक्टरांशी माझं भांडण नाही. ते म्हणाले त्या दिवशी आईंचा गुडघा सुजला होता, असं तुम्हीच लिहिलंय. सुजलेल्या, लाल, गरम सांध्यावर किंवा ताज्या मुरगळीवर पहिले दोन-तीन दिवस शेक नको, त्याने सूज वाढते. सकाळी उठल्यावर ताठरलेल्या, सूज नसलेल्या गुडघ्याला शेक बरा वाटतो. हाताची मागची बाजू दोन्ही गुडघ्यांवर ठेवून पाहा. एक दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर त्या दिवशी शेक नाही.

आईंचं पुढे काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायचंय. जखम पूर्ण भरली असली तरी तळपायांची संवेदना तपासून घ्या. दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या बारीक दोऱ्याने ती तपासतात, दुखत नाही. गुडघ्यासाठी आता गरज आहे ती मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद वाढवण्याची. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे धरायचा, सावकाश खाली आणायचा. दहादहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सुजलेल्या दिवशी कमी करा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. दोन-तीन आठवड्यांनी त्या आधार न घेता खुर्चीतून उठतात का, ते इथेच कळवा. उठता येत नसेल तर पुढचं मी सांगेन.