पैशांच्या कुलपामागचा संदर्भ काढू नका

‘पैसे भरून वाचावा लागणारा संदर्भ विकिपीडियावर चालत नाही, तो काढा आणि मोफत दुवा टाका,’ हा सल्ला नव्या संपादकांमध्ये सर्रास फिरतो. त्यापायी चांगले लेख बिघडतात.

मुळात नियमच उलटा आहे. मिळवायला अवघड किंवा महाग, एवढ्याच कारणावरून विश्वसनीय स्रोत नाकारू नये, असं इंग्रजी विकिपीडियाचं धोरण सांगतं. ग्रंथालयातलं छापील पुस्तक चालतं ते याच न्यायाने.

‘मोफत तेवढंच वापरलं तर काय बिघडतं?’ मराठ्यांचा इतिहास घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. त्यामुळे ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफचा 1826चा इतिहास फुकट मिळतो, 1959 साली वारलेल्या रियासतकार सरदेसाईंचं लेखन 2020पासून मुक्त झालं. पण नंतरचं बरंचसं संशोधन महागड्या पुस्तकांत आणि सशुल्क नियतकालिकांत आहे. ते वगळलं तर ग्रँट डफच्या चुका लेखात तशाच राहतात. शिवाय लेखकाकडून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकंही मोफतच उघडतात.

‘दुवा बदला’ हे तर सर्वांत घातक. दुवा बदलला तरी वाक्य जुन्याच स्रोतातलं राहतं. नवी प्रत प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या समीक्षेआधीचा मसुदा, असेल तर समीक्षेनंतर आकडे बदललेले असू शकतात, पानांचे क्रमांकही सहसा जुळत नाहीत. म्हणून मूळ नोंद ठेवा आणि मोफत प्रत शेजारी जोडा. संदर्भ-साचा (संदर्भ भरायचा विकिपीडियाचा तयार नमुना) साधा दुवा मोफत आणि डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) सशुल्क धरून चालतो. तेव्हा सशुल्क दुव्यासाठी ‘यूआरएल-अ‍ॅक्सेस’मध्ये ‘सबस्क्रिप्शन’ आणि मोफत डीओआयसाठी ‘डीओआय-अ‍ॅक्सेस’मध्ये ‘फ्री’ असं रोमन लिपीत भरा. सशुल्कासाठी लाल, मोफतसाठी हिरवं कुलूप आपोआप दिसतं. पान क्रमांक द्याच. दावा वादाचा असेल तर मूळ वाक्यही ‘कोट’मध्ये उतरवा, म्हणजे कुलपाबाहेरच्या वाचकालाही आधार दिसतो. नुसता सारांश वाचून मात्र संदर्भ देऊ नका; नमुना केवढा होता, निष्कर्षाला मर्यादा काय, हे बहुधा आतल्या पानांत असतं.

‘सामान्य संपादकाला हे मिळणार कुठून?’ खातं 6 महिने जुनं, एकूण 500 संपादनं, गेल्या महिन्यात 10, आणि खात्यावर बंदी नाही, एवढ्यावर संपादकांना सशुल्क स्रोत फुकट वाचू देणारी विकिपीडिया लायब्ररी उघडते. जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहाच्या मोफत खात्यावर महिन्याला 100 लेख ऑनलाइन वाचता येतात.

त्या सल्ल्यात खरं एवढंच: दोन स्रोत सारख्याच दर्जाचे असतील आणि दोन्हींत तीच माहिती असेल, तर मोफत निवडा. पण साय-हबसारख्या कॉपीराइट मोडणाऱ्या संकेतस्थळावरच्या प्रतीचा दुवा देऊ नका. तो काढलाच जातो.