खुर्ची ओकचीच, आणि किंमतही तीच : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार भाऊ,

भुसावळच्या एका कुटुंबाकडच्या दुमडणाऱ्या बाळखुर्चीवर मी लेख लिहिला, तिला ओकची म्हटलं; त्या लेखाखाली तुम्ही चांगलीच हजेरी घेतली आहे. प्रतिक्रिया आहे तशी ठेवली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगतो. ओकचं झाड आपल्याकडे होतच नाही, त्यामुळे खुर्ची सागाची. तुमच्या ओळखीच्या सुतारानेही फोटो बघून तेच सांगितलं. लोखंडावर 1880च्या दशकातली तारीख आहे, म्हणजे खुर्ची तेवढी जुनी. परदेशी साइटवर अशीच खुर्ची दीड लाखाला लावलेली असताना मी पंधरा-वीस हजार सांगून त्या कुटुंबाचं नुकसान केलं, वर पॉलिशलाही मनाई केली. शेवटी 'व्यापाऱ्यांशी संगनमत' हेही आहेच. खुर्ची अजून त्यांच्याच घरात आहे आणि मी जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करत नाही, एवढं सांगून तो विषय सोडतो.

लाकडाचं बघू. तुमच्या सुताराची नजर चांगली आहे. फोटोत सगळ्यात पुढे दिसते ती बाळासमोरची फळी खरंच सागाची आहे. मूळची हरवली तेव्हा कुणीतरी इथेच करून बसवली असणार. रंधा, भोकं, स्क्रू, सगळंच वेगळं दिसतं. पण फळी म्हणजे खुर्ची नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला जुनं लाकूड म्हटलं की साग आठवतो, आणि दहात नऊ वेळा तो सागच असतो. ही दहावी वेळ.

पाठीच्या पट्ट्यांवर ओलं फडकं फिरवलं आणि खिडकीकडे तिरकं धरून पाहिलं, तर रेषांना आडवे जाणारे चकचकीत, वेडेवाकडे डाग उठतात. ओकच्या खोडात मधून सालीकडे जाणारे जाड पडदे असतात. ओंडका त्या पडद्यांना धरून कापला की फळीवर ते असे उमटतात. सागात ते इतके बारीक असतात की असे डाग दिसत नाहीत. दुसरी खूण बोल्टांभोवती आहे. ओकमध्ये टॅनिन, म्हणजे लाकडातलं तुरट द्रव्य, भरपूर; त्याला लोखंड आणि ओल मिळाली की निळसर काळी वर्तुळं धरतात. इथे मागच्या दोन्ही बोल्टांना ती आहेत. वजनावर मात्र जाऊ नका. साग आणि ओक दोन्ही भारी लाकडं, हातात घेऊन फरक कळत नाही. आणि ओक भारतात होत नाही असंही नाही, हिमालयातला बांज हा ओकच. पण या खुर्चीला झाड इथलं असण्याची गरजच नाही, कारण खुर्चीच इथली नाही.

'साहेबाच्या बंगल्यातली' म्हणून घरचे तिला इंग्रजी म्हणतात. भुसावळला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे साहेब होते, तेव्हा बंगल्याचा भाग खरा असू शकेल. पण पाठीवरची नक्षी नीट बघा. कोरलेल्या नक्षीत पटाशी लाकडाच्या रेषा तोडते. इथे रेषा न तुटता खोलगट भागात उतरतात आणि पलीकडून वर येतात, कारण ही नक्षी पोलादी ठशाने दाबून उठवली आहे. 1900च्या आगेमागे अमेरिकेतले कारखाने अशा खुर्च्या ढिगाने काढत होते, आणि तिथल्या टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या सूचीपत्रांतून त्या घरोघर जात. मागची कडी सोडली की पाय कैचीसारखे दुमडतात, बैठक खाली येते आणि बिडाच्या चार चाकांवर उंच खुर्चीची बाबागाडी होते. गंमतशीर यंत्रणा आहे, पण ती दुर्मीळ नाही. सगळा मुद्दा इथेच आहे.

लोखंडावरची तारीख पेटंटची आहे. पेटंट मिळाल्यावर तोच साचा वर्षानुवर्षं चालायचा, त्यामुळे खुर्ची त्या तारखेच्या आधीची नाही, एवढंच तिच्यावरून ठरतं. बैठकीखालच्या एका पट्टीला चौफुलीच्या खाचेचे स्क्रू आहेत. ते 1930च्या दशकात बाजारात आले, म्हणजे ती पट्टी नंतरची दुरुस्ती. एक चाक बदललेलं, वेताची जाळी जाऊन तिथे प्लायवुड, आणि ती सागाची फळी. अशा वस्तूत गिऱ्हाईक पैसे देतं ते मूळ, चालणाऱ्या यंत्रणेचे.

साइटवरचा दीड लाख हा विकणाऱ्याने मागितलेला आकडा आहे. तिथेच झालेल्या विक्रीचे भाव उघडून बघा, धड अवस्थेतल्या खुर्च्याही बहुतेक एक-दोनशे डॉलरांच्या आसपास जातात. जुन्या तपकिरी लाकडी सामानाचे भाव तिकडे गेल्या वीस वर्षांत बरेच उतरले आहेत. शिवाय तुमचं वयाचं म्हणणं मान्य केलं, तर डॉलरचा विचारच सोडावा लागेल. 1972च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरली, तर ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. राहिले मुंबईतले जुन्या सामानाचे बाजार, चोर बाजार किंवा ओशिवरा. तिथे हौशी माणूस भेटला तर पंधरा-वीस हजार. मुळात मी तो आकडा डॉलरच्या हिशेबापेक्षा कमी धरलेला नाहीच.

पॉलिशबद्दल मी माझ्या शब्दावर ठाम आहे. मशीनने घासलं की दाबून उठवलेली नक्षी बोथट होते, जुना रंग जातो आणि नवा चकचकीत थर बसला की जाणकार गिऱ्हाईक हात लावत नाही. सुक्या मऊ कापडाने पुसावं, थोडं मेण लावावं, आणि मे महिन्यात गच्चीलगतच्या तापत्या खोलीत ठेवू नये. खान्देशातल्या उन्हाने सांध्यातला सरस सुकून सुटतो. या खुर्चीचा डावा हात त्यानेच हलतो आहे. आणि हौसेने नातवाला त्यात बसवू नका, कडी सुटली तर बैठक एकदम खाली येते.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की तुमच्या आजोबांची लांब हातांची आरामखुर्ची माळ्यावर आहे आणि 'ती तर साधी सागाची'. लांब हात, वेताची पाठ आणि जुना साग असेल तर इथल्या बाजारात तिला या ओकच्या खुर्चीपेक्षा जास्त मागणी आहे. खाली उतरवा, पण पुसण्याआधी उलटी करून खालच्या बाजूचे आणि सांध्यांचे फोटो काढा. हात फिरणारे असतील तर तिथला स्क्रूही जवळून घ्या.