नंबर आधी की नाव?

पंडित जसराजांचा विषय निघाला तो भडंग संपत आल्यावर. विश्रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर पप्यानं मोबाईल पुढं केला. "बघा, पंडितजींच्या नावाचा लघुग्रह हाय. नंबर ३००१२८. आता मागनं दोन-दोन आकडे वाचा. २८-०१-३०. जन्म २८ जानेवारी १९३०! ह्याला योगायोग म्हणायचं व्हय?"

"दैवी संकेत," अण्णा म्हणाले. अण्णा मिरजेच्या उरुसात रात्ररात्र गाणं ऐकणारे, गाण्याच्या विषयात त्यांना उलटं बोलायला सहसा कुणी धजत नाही. निवृत्त गणिताचे मास्तर धजले.

"संकेत कसला, अण्णा? नाव दिलं २०१९ ला. तोवर नंबरांची यादी पाच लाखांच्या पुढं गेली होती. तीन लाखातला नंबर आधीच पडलेला. तारखेशी जुळणारा, बिननावाचा दगड कुणीतरी हुडकला असणार."

"म्हणजे बारशाआधीच नंबर?" पप्या.

"त्याच्याही आधी टोपणनाव असतं." मास्तरांनी भडंगाची पुडी उलगडून पाठीमागं लिहिलं : २००६ व्हीपी३२. "ॲरिझोनातल्या दुर्बिणीला हा ११ नोव्हेंबर २००६ ला दिसला. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्याथोड्या वेळानं फोटो काढतात. तारे जागचे हलत नाहीत, हा ठिपका सरकला. 'व्ही' म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पुढच्या अक्षराला 'आय' वगळून पंचवीस अक्षरं. शेवटचा ३२ म्हणजे त्या अक्षरांच्या झालेल्या फेऱ्या. अशा बत्तीस फेऱ्या झाल्या की आठशे, त्यात 'पी' पंधरावं. म्हणजे त्या पंधरवड्यातला हा ८१५ वा."

पंधरा दिवसांत आठशेवर! मी पुडी हातात घेऊन परत हिशेब केला. बरोबर होता.

"मग लगेच नंबर का नाही?" मी विचारलं.

"कक्षा पक्की व्हायला नको? मंगळ आणि गुरूच्या मधला मुख्य पट्टा. तिथल्या दगडाला सूर्याभोवती फिरायला साधारण साडेतीन ते सहा वर्षं लागतात. चार रात्रींच्या ठिपक्यांवरनं पुढच्या वर्षी तो कुठं असेल हे सांगता येत नाही. पहिलाच सापडलेला सेरेस, १ जानेवारी १८०१ ला पियाझ्झी या खगोलशास्त्रज्ञाला दिसला आणि थोड्याच आठवड्यांत सूर्याच्या उजेडात गडप. गाऊस नावाच्या गणितज्ञानं गणित मांडून जागा सांगितली तेव्हा वर्षअखेरीस परत गावला. म्हणून निरनिराळ्या वर्षी परत परत दिसला, गणित जुळलं, की मगच नंबर. आणि नंबर पडल्यावर नाव सुचवायचा पहिला हक्क शोधणाऱ्याचा, दहा वर्षं."

पप्याचं डोकं भलतीकडंच धावलं. "आमच्या भाऊंच्या वाढदिवसाला एक दगड मिळंल का? काय असंल ते पैसे भरू."

"विकत मिळत नाही. सोळा अक्षरांत बसायला हवं. आणि राजकारणातला माणूस असेल तर तो जाऊन शंभर वर्षं व्हायला हवीत. पियाझ्झीनं सेरेसला आपल्या राजाचंही नाव जोडलं होतं, ते बाकीच्यांनी गाळून टाकलं."

हा नियम आमच्या चौकातल्या फ्लेक्सलाही लागू व्हावा, असं मला मनापासून वाटलं. भाऊंची पोरं शेजारीच बसली होती म्हणून बोललो नाही.

अण्णा मात्र मूळ मुद्द्यावरनं हटले नव्हते. "ते सगळं खरं, मास्तर. पण नेमका तोच नंबर बिननावाचा कसा राहिला?"

"कारण जवळपास सगळेच बिननावाचे! तेव्हा शंभरातल्या पंच्याण्णवहून जास्त दगडांना नाव नव्हतं. आणि तुम्हाला तारीखच हवी, तर २८०१३० हा सरळ नंबरसुद्धा यादीत होताच की."

"होता ना? मग सरळ सोडून उलटाच का घेतला?"

मास्तरांनी पुडीवरचा हिशेब परत एकदा बघितला. "ते घेणाऱ्याला विचारा," म्हणाले.

"बघा," अण्णा पप्याकडं वळले, "इथं गणित थांबलं."

"गणित नाही थांबलं, मी थांबलोय," मास्तर म्हणाले आणि दोघांची परत जुंपली.