मॅक बी-६१ घेतलेल्या ग्राहकाच्या अभिप्रायास आमच्या कार्यशाळेचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या कार्यशाळेत मूळ रूपात आणलेल्या १९६१ सालच्या मॅक बी-६१ ट्रकबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. आपल्यासारखा मराठी माणूस पेनसिल्व्हेनियात घडलेल्या या जुन्या ट्रकच्या ओढीने न्यू जर्सीहून आमच्या दारापर्यंत येतो, याचा मला मनापासून आनंद झाला होता आणि आजही आहे. म्हणून उत्तर सविस्तर देत आहे, आणि आपण लिहिले त्याच भाषेत देत आहे.

आपले आक्षेप चार आहेत. दोन दांड्यांचा गिअरबॉक्स बिघडलेला असून गिअर टाकताना खरखर होते. हायवेवर गाडीचा काटा ताशी पन्नास मैलांच्या फारसा पुढे सरकत नाही. बॉनेटवरचा बुलडॉग सोनेरी हवा होता तो चंदेरी आहे, म्हणजे तो अस्सल नाही. आणि या अडचणींवर उपाय म्हणून आजच्या काळातले इंजिन व ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून द्या असे आपण सांगितले, तेव्हा आम्ही नकार दिला. ‘चालवायला गाडी मागितली आणि संग्रहालयातली वस्तू गळ्यात मारली,’ असे आपले शेवटचे वाक्य आहे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ही गाडी चालवण्यासाठीच बनली आणि चालवण्यासाठीच आम्ही ती उभी केली. मात्र ती तिच्या पद्धतीने चालवावी लागते, आणि ती पद्धत काढून टाकली तर मागे फक्त पत्र्याचा आकार उरतो.

गिअरबॉक्सपासून सुरुवात करतो, कारण आपला सर्वांत मोठा रोष त्यावर आहे आणि मला सर्वांत जास्त जिव्हाळाही त्याच भागाबद्दल आहे. आपल्या गाडीत मॅकचा ट्रिप्लेक्स गिअरबॉक्स आहे. मुख्य पाच गिअर आणि त्यांतल्या प्रत्येकाला सहायक भागाच्या तीन पायऱ्या, असे मिळून पुढे जाण्याचे पंधरा वेग होतात. ड्युप्लेक्समध्ये ते दहा असत आणि क्वाड्रुप्लेक्समध्ये वीस. एवढ्या पायऱ्या कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडला आहे आणि तो रास्त आहे. बॉनेटखालचे थर्मोडाइन डिझेल इंजिन ६७३ घनइंचांचे, म्हणजे साधारण ११ लिटरचे आहे आणि मूळ स्वरूपात ते १७० अश्वशक्ती देते. आजच्या मोठ्या ट्रकच्या मानाने ही ताकद फारच थोडी. शिवाय इंजिनाच्या फेऱ्यांना मर्यादा घालणारा भाग, म्हणजे गव्हर्नर, त्याला मिनिटाला सुमारे २१०० फेऱ्यांवर अडवतो, आणि फेऱ्या फार खाली उतरल्या की ओढ कमी होते. म्हणजे भरलेला ट्रेलर चढावर न्यायचा तर इंजिन त्याच्या कामाच्या अरुंद पट्ट्यातच फिरत ठेवावे लागते, आणि त्यासाठी दोन गिअरांमधले अंतर लहान हवे. पंधरा वेग ही त्या काळच्या इंजिनाची खरी गरज होती.

या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश नाही. म्हणजे दात जुळवण्याचे जे काम आजच्या गाडीत यंत्र करते, ते येथे चालकाच्या पायाला आणि कानाला करावे लागते. क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, वरचा गिअर हवा असेल तर फेऱ्या खाली येऊ द्यायच्या, खालचा हवा असेल तर ॲक्सिलरेटर देऊन त्या वर न्यायच्या, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा आत जातो, जवळजवळ आपल्या आपण. सहायक भागाच्या तीन पायऱ्या संपल्या की पुढच्या मुख्य गिअरला जाताना दोन्ही दांडे एकाच वेळी हलवावे लागतात. जुने चालक त्यासाठी डावा हात स्टिअरिंगच्या आऱ्यांतून आत घालून एक दांडा धरत, उजव्या हाताने दुसरा ओढत, आणि त्या क्षणापुरते स्टिअरिंग कोपराने सांभाळत. हे मी ऐकीव सांगत नाही. गाडी ताब्यात देताना आमच्या ज्येष्ठ मेकॅनिकने आपल्याला आवारात हे करून दाखवले होते. आपण ज्या खरखरीबद्दल लिहिले आहे ती फेऱ्या जुळण्याआधी दांडा ढकलला की होते. सिंक्रोमेशच्या गाडीवर हात बसलेल्या प्रत्येकाला सुरुवातीला ती ऐकावी लागते. गिअरबॉक्स आम्ही पूर्ण उघडून बेअरिंग आणि सील नवे घातले आहेत, दातांची छायाचित्रे कामाच्या फाइलमध्ये आहेत, आणि त्या फाइलची प्रत आपल्याकडेही आहे.

वेगाचा मुद्दा थोडक्यात. गाडीचा कमाल वेग इंजिनाच्या कमाल फेऱ्या, शेवटच्या गिअरचे गुणोत्तर, मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर आणि टायरचा आकार यांवर ठरतो. आपली गाडी जड मालासाठी मागवलेली होती, हे ॲलनटाउनच्या मॅक संग्रहालयातून मिळवलेल्या तिच्या मूळ नोंदीवरून दिसते, आणि ॲक्सलही त्याच बेताचा आहे. बी-६१ ज्या बी मालिकेतली, ती मालिका १९५३ साली बाजारात आली. आंतरराज्य महामार्गांचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, १९५६ साली झाला. म्हणजे ही गाडी कागदावर आखली गेली तेव्हा आज आपण ज्या रस्त्यावर तिला नेता तो रस्ताच बहुतेक ठिकाणी नव्हता. ॲलनटाउनच्या परिसरातल्या आमच्या लिहाय व्हॅलीत त्या काळी या ट्रकांनी सिमेंट ओढले, पोलाद ओढले. अशा कामात पन्नास मैलांचा वेग कोणाला कमी वाटत नसे.

आता बुलडॉग. आपण त्याला नकली म्हटले आहे, आणि हा आरोप मला सर्वांत जास्त लागला, कारण त्या मूर्तीमागचा इतिहास आम्ही फार जपतो. मॅक बंधूंनी ब्रुकलिनमध्ये बग्ग्यांच्या कारखान्यापासून सुरुवात केली, १९०० साली मोटारबस बांधली आणि १९०५ साली आपला व्याप ॲलनटाउनला आणला. १९१६ साली त्यांच्या कंपनीचे ‘एसी’ नावाचे ट्रकचे मॉडेल आले. साखळीने फिरणारी मागची चाके, इंजिनाच्या मागे बसवलेला रेडिएटर आणि त्यामुळे पुढे उतरत आलेले बसके नाक. पहिल्या महायुद्धाच्या चिखलात ती गाडी अडली नाही म्हणून ब्रिटिश सैनिकांनी तिला बुलडॉगची उपमा दिली, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. १९२२ साली कंपनीने ते चिन्ह अधिकृतपणे स्वीकारले. बॉनेटवरची मूर्ती मात्र दहा वर्षांनंतरची. मुख्य अभियंता आल्फ्रेड मझुरी १९३२ साली रुग्णालयात असताना त्यांनी ती हाताने कोरली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३३ मध्ये, न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ कोसळलेल्या ‘अक्रॉन’ या अमेरिकी नौदलाच्या एअरशिपमध्ये, म्हणजे हलक्या वायूवर तरंगणाऱ्या हवाई जहाजात, त्यांचा अंत झाला. ज्या माणसाने ती मूर्ती घडवली त्याला ती रस्त्यावर जेमतेम वर्षभर पाहायला मिळाली. ॲलनटाउनमध्ये राहून हे काम करणाऱ्या आम्हा लोकांना ही गोष्ट विसरता येत नाही.

सोनेरी बुलडॉग म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल ही सारी मॅकचीच असल्याची खूण, हे आपले म्हणणे आजच्या गाड्यांच्या बाबतीत बरोबर आहे. पण ही प्रथा बी मालिकेनंतर रुळली. आपल्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल मॅकचेच असूनही १९६१ साली ती कारखान्यातून क्रोमचा बुलडॉग घेऊनच बाहेर पडली. त्यावर सोनेरी मुलामा चढवणे आम्हाला अवघड नव्हते, आणि खर्चही फारसा नव्हता. तो आम्ही चढवला नाही, कारण मग ती मूर्ती त्या गाडीबद्दल खोटे सांगू लागली असती.

नवे इंजिन बसवण्यास नकार देण्यामागेही हेच कारण आहे. अमेरिकेतल्या अनेक ट्रक कंपन्या इंजिन एकाकडून, गिअरबॉक्स दुसऱ्याकडून आणि ॲक्सल तिसऱ्याकडून घेऊन गाडी जुळवत आल्या आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. मॅकचा मार्ग वेगळा होता. १९३८ साली स्वतःचे डिझेल इंजिन बनवून ट्रकमध्ये घालणारी ती अमेरिकेतली पहिली ट्रक कंपनी ठरली. थर्मोडाइन इंजिन, त्याला साजेसा ट्रिप्लेक्स, फेऱ्या दोन टप्प्यांत कमी करून ओढ वाढवणारा दुहेरी रिडक्शनचा ॲक्सल, हे सर्व एकाच घरातल्या अभियंत्यांनी एकमेकांचा विचार करून आखले. १९५३ ते १९६६ या काळात बी मालिकेच्या सव्वा लाखाहून अधिक गाड्या निघाल्या. त्यांतल्या पुष्कळ मोडीत गेल्या, आणि उरलेल्यांपैकी कितीतरी गाड्यांची इंजिने व गिअरबॉक्स मालकांनी सोयीसाठी बदलून टाकले. ज्या थोड्या गाड्या अजून पूर्ण आहेत त्यांतली एक आपल्याकडे आहे. तिचे अंतरंग काढून टाकण्याचे काम माझ्या कार्यशाळेत होणार नाही. गाडी आपली आहे. दुसरीकडे ते करून घेण्याचा आपला हक्क मी नाकारत नाही.

याचा अर्थ आम्ही जुने तेच धरून बसलो असा घेऊ नये. जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न होता तिथे आम्ही मूळपणाचा हट्ट सोडला. दोन भागांचे जुने रिम हवा भरताना उसळून माणसाला गंभीर इजा करू शकतात, म्हणून ते बदलले. एअर ब्रेकच्या सर्व नळ्या, डायफ्रॅम आणि लायनिंग नवे आहेत, आणि हवेचा दाब गेल्यास आपोआप लागणारे स्प्रिंग ब्रेक मागच्या ॲक्सलवर बसवले आहेत, जे मुळात नव्हते. वायरिंग पूर्ण नवी आहे. सीटबेल्टही आम्ही घातले. या बदलांचा उल्लेख आपल्या अभिप्रायात नाही, म्हणून इतर वाचकांसाठी तो येथे करणे मला आवश्यक वाटले.

त्या वाचकांपैकी कोणी जुना मॅक घेण्याच्या विचारात असतील, तर दोन शब्द सांगतो. बी-६१ची केबिन उन्हाळ्यात तापते, आवाज मोठा असतो, आणि गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवायला दंडात बळ लागते. ज्यांनी या गाडीवर उमेदीची वर्षे काढली ते मालक-चालक दर जूनमध्ये ॲलनटाउनजवळच्या मकुंगी गावाच्या पार्कमध्ये भरणाऱ्या जुन्या ट्रकांच्या मेळ्यात भेटतात. खांदे दुखल्याचे ते मोकळेपणाने सांगतात, पण इंजिनाने वाटेत सोडल्याच्या गोष्टी मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकल्या. ज्यांना मॅकच हवा पण दांड्यांची एवढी कसरत नको, त्यांनी आर मालिकेतली मॅक्सिडाइन इंजिनाची गाडी पाहावी. १९६७ साली आलेले हे २३७ अश्वशक्तीचे इंजिन सुमारे १२०० ते २१०० फेऱ्यांच्या रुंद पट्ट्यात जवळजवळ सारखीच ताकद देते, त्यामुळे त्याला पाचच गिअर पुरले. ज्या अडचणीबद्दल आपण तक्रार केली आहे ती मॅकच्या अभियंत्यांनाही दिसत होती, आणि त्यांनी ती इंजिन बदलून सोडवली. व्यवहारापूर्वी मी आपल्याला तशी एक गाडी सुचवली होती. आपले मन बी-६१च्या गोल मडगार्डवर बसले होते, आणि ते मला समजते, कारण माझेही तिथेच बसले आहे.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते लिहितो. आमचे ज्येष्ठ मेकॅनिक शनिवारी सकाळी आपल्यासोबत बसून ट्रिप्लेक्स चालवायला शिकवतील. आधी रिकाम्या गाडीवर आवारात, मग रस्त्यावर, आणि हात बसेपर्यंत, विनामूल्य. त्यानंतरही खरखर राहिली तर गिअरबॉक्स आपल्यासमोर उघडू आणि त्याचा खर्च आम्ही सोसू. वेग वाढवायचाच असेल तर त्या काळचाच, मॅकचाच, पण कमी गुणोत्तराचा ॲक्सलचा संच मिळवून बसवता येतो. त्याने चढावरची ओढ थोडी कमी होईल, पण आपण माल वाहत नसल्याने ते जाणवू नये. त्यासाठी सुट्या भागांची मूळ किंमत आपण द्यावी, मजुरी आम्ही घेणार नाही, आणि काढलेला संच खुणा करून आपल्याच स्वाधीन करू. हे मान्य असल्यास कार्यशाळेच्या नेहमीच्या क्रमांकावर कळवावे. ॲक्सलचा संच शोधायला वेळ लागतो, त्यामुळे मकुंगीच्या मेळ्याला गाडी घेऊन यायचे मनात असेल तर निर्णय लवकर घेतलेला बरा.

आपला,
कार्यशाळेचा मालक